कोल्होबाच्या अंगणातला पाचोळा

एका जंगलात झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या. त्यामुळे तिथे सावली कमी होती आणि अहवाल भरपूर.

त्या जंगलात हौसा नावाची एक साळिंदरीण राहायची. नवरा सोपान, लेक ठकू आणि राहायला एक बीळ. ते बीळ पावसात गळायचं. बाळांनो, जमिनीतलं बीळ गळतं कसं, असं विचारू नका. गरिबाचं काहीही गळतं.

ओढ्याकाठची चांगली जमीन सगळी कोल्होबाअण्णांची. तिथे रताळी पिकत, आणि ती खणायला हौसासारख्या बायका जात. मजुरी खणण्याची मिळे. पण खणायच्या आधी, तांबडं फुटायला, अण्णांचं अंगण झाडायचं आणि रांजण भरायचे, अशी रीत होती. रीतीला मजुरी नसते. म्हणून तर तिला रीत म्हणतात.

अण्णांच्या अंगणात एक भला थोरला पिंपळ होता. पिंपळाला पानं गाळण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता. हौसाची आजी ते अंगण झाडायची, आई झाडायची, आता हौसा झाडायची. पाणी ठकू भरायची. त्यामुळे कासवगुरुजींच्या शाळेत ठकूचं नाव होतं, पण ठकू नव्हती.

"अण्णा, झाडायचं काही द्याल का?" असं एकदा हौसानं विचारलं होतं.

अण्णा हसले. "हौसे, उद्या आली नाहीस तरी चालेल."

त्या संध्याकाळी हौसाच्या घरी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अंगण दोनदा झाडलं.

मग काय झालं, सांगू? सिंहमहाराजांच्या दरबारानं ठरवलं की गरीब घरातल्या बाईला दर पौर्णिमेला थोड्या कवड्या द्यायच्या. दरबाराला एवढी सुबुद्धी कुठून झाली, ते मला ठाऊक नाही. मी बरंच खोदून पाहिलं. दरबाराचा पारवा यायचा, बिळाच्या तोंडाशी कवड्यांची पुडी ठेवायचा आणि उडून जायचा.

जंगलात गहजब झाला. पिंपळाखालच्या पानसुपारीच्या बैठकीत रोज तोच विषय.

"आता ही माजणार," माकड म्हणालं.

"नवरा मोहाची दारू पिणार," रानडुक्कर म्हणालं. ते त्या वेळी मोहाचीच पीत होतं.

"फुकटच्या पैशानं हाडं आळसावतात," कोल्होबाअण्णा म्हणाले. अण्णांना दरवर्षी दरबारातून टोपलीभर कवड्या यायच्या, ओढ्याकाठी राहण्याचा त्रास सोसतात म्हणून. पण ते फुकट नव्हतं, मुलांनो. ते प्रोत्साहन होतं. फरक नीट ध्यानात ठेवा, परीक्षेत विचारतात.

इकडे हौसानं काय केलं? पहिल्या पुडीतून तिनं नाचणी आणली आणि मडकं भरून ठेवलं. घरात भरलेलं मडकं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती येता-जाता झाकण उचलून बघायची.

"अगं, किती वेळा बघशील? नजर लागेल," सोपान म्हणाला.

"लागू दे. माझीच तर लागेल."

दुसऱ्या पुडीतून ठकूची पाटी आली. सोपान दर हिवाळ्यात पलीकडच्या जंगलात विटा पाडायला जायचा, तो या खेपेला गेला नाही. बिळामागच्या मुरमाड तुकड्यात त्यानं रताळ्याचे वेल लावले. आणि एक दिवस हौसा पुडाभर साखर घेऊन आली.

मग एका सकाळी ती अण्णांकडे गेली ती सूर्य वर आल्यावर, थेट शेतात.

"हौसे!" अण्णा ओट्यावरून ओरडले. "अंगण?"

"अंगणाचं काय, अण्णा?"

"झाडायचं कुणी?"

"तुम्ही मजुरी सांगा, मी झाडते."

"आजवर कधी मागितली होतीस?"

"एकदा मागितली होती. तवा घरात पीठ नव्हतं."

अण्णांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, "उद्या आली नाहीस तरी चालेल."

"बरं," हौसा म्हणाली आणि खरंच आली नाही. तिचं बघून बाकीच्या बायकाही अंगणाला वळसा घालून शेतात जायला लागल्या. सगळ्याच जणींना घरी बसवलं तर रताळी कोण खणणार? अण्णांनी चालवून घेतलं. चार दिवसांनी त्यांनी हौसालाही निरोप धाडला, ये म्हणून, नुसतं खणायला.

पिंपळ मात्र आपलं काम नेकीनं करत राहिला. अंगणात घोट्याएवढा पाचोळा साचला, मग गुडघ्याएवढा झाला. अण्णांनी दरबारात अर्ज ठोकला: कवड्यांमुळे जंगलात आळस माजला आहे, चौकशी व्हावी, वाटप थांबवावं.

चौकशीला घुबडशास्त्री आले. त्यांना दिवसा दिसत नाही, म्हणून दरबारानं त्यांना दिवसा पाहणी करायला सांगितलं. ते अण्णांकडे उतरले, अण्णांकडे जेवले आणि अण्णांच्या अंगणात पाय ठेवताच पाचोळ्यात रुतले.

"बघा शास्त्रीबुवा, हा आळसाचा पुरावा!" अण्णा म्हणाले.

"भयंकर," शास्त्री म्हणाले, आणि पंखांनी चाचपून त्यांनी पुरावा मोजला.

भर दुपारी ते हौसाच्या बिळाशी पोचले. आतून चावण्याचा आवाज येत होता.

"काय चाललंय?" शास्त्रींनी विचारलं.

"जेवतोय, साहेब."

"दुपारी?"

"दुपारचं जेवण हाय, साहेब."

शास्त्रींनी तेही टिपून घेतलं. मग ते सोपानजवळ सरकले आणि त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला. "उग्र येतोय! काय प्यायलास?"

"कांदा खाल्ला."

"कवड्या कशावर खर्च केल्यात?" शास्त्रींनी हौसाला विचारलं.

"खाल्ल्या की."

"सगळ्या?"

"न्हाई, थोड्या लेकीनं पाटीवर गिरवल्या. बसा तुम्ही, चहा टाकते."

सोपाननं तिला कोपरानं ढोसलं. "साखर दाखवू नको. चौकशीचा माणूस आहे."

आता इथे हौसाची चूक झाली, बाळांनो. गरिबाच्या घरी पाहुणा आला की साखर नेहमी कालच संपलेली असते. हौसानंही आयुष्यभर तेच सांगितलं होतं आणि दर वेळी मान खाली घातली होती. आज घरात साखर होती. "दारी आलेल्याला फिका चहा द्यायचा व्हय?" असं पुटपुटत तिनं गवती चहात मूठभर साखर टाकली. शास्त्री एक कप प्यायले. मग दुसरा. मग आग्रह झाला म्हणून तिसरा.

अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: घरात चैनीची वस्तू सापडली. कुटुंब दिवसाढवळ्या बसून खाते. अंगण झाडलेलं नाही. वाटप बंद करावं.

सोपान बिळाच्या कोपऱ्यात जाऊन बसला. "तुझ्या साखरेनं घात केला."

हौसानं मडक्याचं झाकण उचललं. नाचणी तळाला होती. ठकूनं पाटी पुसली आणि ती घागरीशेजारी ठेवली. ते पाहून हौसा उठली.

"कुठं निघालीस?"

"महाराजांपुढं. दरबाराचा माणूस आपली साखर प्यायला, तर दरबारानं आपलं ऐकून तरी घ्यावं."

निकाल द्यायला महाराज अण्णांकडेच यायचे होते, कारण मेजवानी तिथे होती. सगळं जंगल जमलं. महाराज डौलात आले आणि अंगणात पोटापर्यंत बुडाले. आयाळीत पिंपळपानं अडकली. महाराजांनी ती झटकली, शिंकले आणि म्हणाले, "अहवाल वाचा."

"महाराज, साळिंदर आळशी झाले आहेत," शास्त्री म्हणाले.

"कशावरून?"

"अंगण झाडलेलं नाही."

"साळिंदरांचं?"

"नाही महाराज. अण्णांचं."

महाराजांनी आजूबाजूच्या पाचोळ्याकडे पाहिलं. "मग अण्णा काय करतात?"

मागे कुठेतरी एक बुलबुल फिस्सकन हसला.

"आणि महाराज, यांच्या घरात साखर सापडली!" शास्त्रींनी घाईनं पुढचं पान काढलं.

"तुम्हाला तर दिवसा दिसत नाही. कशी सापडली?"

शास्त्रींनी अहवालाची पानं उलटीसुलटी केली. हौसा पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, "म्हाराज, तीन कपांत सापडली."

आता मात्र सगळं जंगल हसलं. रानडुक्कर लोळून लोळून हसलं. राजे बंदुकीला भीत नाहीत मुलांनो, हशाला भितात. आयाळीत पाचोळा असला की जास्तच. महाराज घसा साफ करून म्हणाले, "वाटप चालू राहील. ही योजना मुळात आमचीच आहे." टाळ्या वाजल्या.

अण्णा पुढे आले. "पण महाराज, माझं अंगण?"

"हौसा, झाडशील का?" महाराजांनी विचारलं.

"झाडते की. मजुरी ठरू द्या."

अण्णांनी मजुरीचा आकडा ऐकला आणि ते घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या. मी बघतो."

तेव्हापासून तांबडं फुटलं की अण्णा हातात खराटा घेऊन अंगणात वाकलेले दिसतात. कंबर धरतात, पिंपळाला शिव्या घालतात, पुन्हा वाकतात. त्याच वेळी ठकू पाटी घेऊन शाळेला जाते. कुंपणाशी थांबते आणि अदबीनं सांगते, "अण्णा, त्या तिकडं कोपऱ्यात राहिलं बघा."

तात्पर्य : गरिबाच्या हाती कधीही फुकटचा पैसा देऊ नये. त्यानं गरीब दुपारचं जेवतो आणि श्रीमंताला काम करावं लागतं. आळस पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, प्रोत्साहन त्यांनाच द्यावं.