हॉबडेनची तंतोतंत गिरणीसुट्टी

पूर्वजांनी उभ्याने उपसलेले कष्ट आपण बसून बघतो, त्याला वारसा म्हणतात. इंग्लंडातल्या आमच्या हॉबडेन गावाकडे तो भरपूर आहे: एक बंद कापडगिरणी, तिचं धुराडं (कबुतरांसह) आणि एक चालू माग. तो हिल्डा एन्टविसल चालवते. पंधराव्या वर्षी ती त्याच्यापुढे उभी राहिली, ती अजून हटायला तयार नाही.

नगरपालिकेने कळवलं की, या उन्हाळ्यात पाहुणे फिरकले नाहीत तर माग भंगारात आणि गिरणीचे फ्लॅट. तेव्हा वारसा समितीने (सदस्य सात, पैकी जागे चार; त्यात मी) ठरवलं, जुना गिरणीसुट्टीचा आठवडा साजरा करायचा, तोही तंतोतंत. त्या आठवड्यात बॉयलर थंड व्हायचा आणि झाडून सारं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं. मागे राहील तो कंगाल, अशी समजूत होती. समजूत अजून शाबूत आहे, हे पाहुण्यांना आमंत्रणं गेल्यावर आमच्या ध्यानात आलं.

"हिल्डा, तू तेवढी थांब गं," कार्यवाह क्लिफर्ड होल्डन म्हणाला. "माग कोण दाखवणार?"

"सुट्टीत घरी? शेजारीण काय म्हणेल?"

"अगं, तीपण चाललीये."

"मग तर झालंच! वाळूत बसून माझ्याच नावाने बोटं मोडेल. तू थांब की!"

क्लिफर्डने तिकीट खिशात आणखी खाली सारलं.

शनिवारी अख्खं गाव (वारसा जपण्यासाठी) निघून गेलं. ब्लॅकपूलला परंपरेप्रमाणे पाऊस होता. रेनकोट घालून आम्ही मासे आणि बटाट्याचे काप खात होतो, तेवढ्यात हिल्डाला रडू फुटलं. "माझा माग गेला रे क्लिफर्ड. लोकलाजेपायी मीच घालवला." क्लिफर्डने आपले काप तिच्यापुढे केले.

परतलो तर आक्रीत! पाहुणे बसगाड्या भरभरून येऊन गेले होते. बंद दारं, ओस गल्ल्या, मुकी गिरणी. अभिप्राय एकमुखी: "इतकं अस्सल गाव दुसरं पाहिलं नाही." फ्लॅट रद्द झाले. नगरपालिकेची विनंती एवढीच की, यापुढे उन्हाळाभर गावकऱ्यांनी कृपया दिसू नये आणि मागाच्या खडखडाटाने ऐतिहासिक शांतता भंगू नये.

माग आता काचेत आहे.

"वाचला ना शेवटी?" क्लिफर्डने विचारलं.

"वाचला हो," हिल्डा म्हणाली, "माझ्या तावडीतून."

तेव्हा वाचकहो, अवश्य या. फोटोत मध्येमध्ये येणारी माणसं तुम्हाला खपत नाहीत, हे आम्हाला कळलंय. फक्त तारीख कळवा, आम्ही निघतो.