बंडोपंतांच्या मागोमाग

मिनीबस पौडच्या पुढे गेली तसे बंडोपंत आपल्या जागेवरून उठले, वरच्या दांडीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांनी इकडे लक्ष द्या."

भूगावच्या 'सोनचाफा' सोसायटीतल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा तर गणपतीच्या आरतीच्या मधोमध ऐकलेलं होतं. बंडोपंत अकोल्याच्या एका कॉलेजात परीक्षा विभागाचे प्रमुख होते. निवृत्त होऊन मुलाकडे भूगावला आले, पण परीक्षा काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. माणसं ओळीने बसलेली दिसली की त्यातला एक तरी कॉपी करणार, अशी त्यांची खात्रीच असे.

"आपण जिथे चाललोय ते शेत आहे, रिसॉर्ट नाही. जनावरांना हात लावायचा नाही. काही खायला घालायचं नाही. आरडाओरडा नाही. आपला कचरा आपण परत आणायचा. आणि तिथलं काहीही, अगदी झाडाचं पानसुद्धा, घरी न्यायचं नाही."

"आजोबा, कोंबडीला पण हात नाही लावायचा?" त्यांची नात जुईली म्हणाली.

"नाही. तुला कोणी न विचारता उचललं आणि गाल ओढले, तर चालेल का?"

"तुम्ही ओढता की."

बंडोपंतांच्या पत्नी नलिनीबाई एकदम खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

किशोरचं शेत मुळशी धरणाच्या पाण्याला अगदी लागून होतं. भाताची खाचरं उतरत उतरत पाण्यापर्यंत गेली होती आणि पलीकडे डोंगर पाण्यात उलटे उभे होते. शेजारपाजारच्यांनी जमिनी विकून बंगल्यांचे प्लॉट पाडले, पण किशोरने आपल्या शेतावर शहरातल्या लोकांना शेती दाखवण्याची सोय केली. दोन खोल्या, एक मोठी पडवी, गोठा, आणि जेवणाचं बघायला त्याची आई रंभाबाई.

"या, बसा," किशोर म्हणाला. "फक्त येवढंच सांगतो, हितं जनावरं आदी राहायला आलीत, आपण नंतर. तेवढं ध्यानात ठेवा. चहा घ्या."

आपलं पंधरा मिनिटांचं भाषण या माणसाने एका वाक्यात संपवलं, याचं बंडोपंतांना थोडं वाईट वाटलं. त्यांनी खिशातली शिट्टी चाचपली. ती त्यांनी सोसायटीच्या वॉचमनकडून मुद्दाम मागून आणली होती.

दुपारपर्यंत शिट्टी बरीच वाजली. बिस्किटाचा कागद पडला, वाजली. कोणीतरी बकरीला "हाय" म्हणालं, वाजली. मग सगळे गोठा बघायला गेले. गोठ्याच्या कोपऱ्यात पेंढा घातलेल्या पाटीत एक तांबडी कोंबडी डोळे अर्धवट मिटून बसली होती. सोसायटीतलाच, बावधनच्या आयटी कंपनीत काम करणारा अनिमेष मोबाईल घेऊन हळूच तिच्या तोंडापर्यंत गेला.

बंडोपंतांनी छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली.

कौलारू गोठ्यात ती शिट्टी अशी काही घुमली की म्हैस उठून उभी राहिली, अनिमेष खाली बसला आणि कोंबडी जी उडाली ती थेट छपराच्या आढ्यावर. तिथून ती खाली वाकून बंडोपंतांना नावं ठेवू लागली.

रंभाबाई पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या.

"आवो पावनं, ह्ये काय क्येलं? खुडूक कोंबडी हाय ती! अंड्यांवं बसलीया!"

"बाई, ते फोटो काढत होते," बंडोपंत म्हणाले.

"काढू द्यायचा की! फोटूनं कुटं अंडं फुटतंय? आता ही काय सांजंपतूर खाली येत न्हाई. आन् आज तर पिलं निगायची हायेत." त्यांनी वाकून पाटीत पाहिलं. "बदकाची अंडी हायेत ही. बदकी आमची लई फिरस्ती, अंडी घालती आन् इसरून जाती. म्हनून कोंबडीखाली ठिवली. ह्ये बगा, एक टोचलंय बी."

एका अंड्याला चांदणीसारखी चीर पडली होती. रंभाबाईंनी बाकीच्या अंड्यांवर गोधडीचा तुकडा पसरला, चुलीजवळची ऊब मिळावी म्हणून पाटी उचलली आणि ते चिरलेलं अंडं बंडोपंतांच्या ओंजळीत ठेवलं.

"ह्येला हाताची ऊब द्या. सोडू नगा."

"पण जनावरांना हात लावायचा नाही..."

"त्ये बाकीच्यांला. तुमी तिला उठवलीया, तुमीच बसा."

बंडोपंत पडवीत भिंतीला टेकून बसले. सुरुवातीला ते ओंजळ अंगापासून लांब धरून होते, जप्तीत सापडलेली वस्तू धरावी तशी. मग अंड्याच्या आतून आवाज आला. बारीक, पण अगदी स्पष्ट.

"नलिनी," ते हळूच म्हणाले, "हे बोलतंय."

"मग तुम्हीही बोला. एरवी तर थांबत नाही."

बंडोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "नमस्कार," ते म्हणाले. आतून लगेच उत्तर आलं.

आजवर त्यांनी हजारो लोकांना प्रश्न विचारले होते, पण इतक्या तातडीने, इतक्या भरवशाने कोणी उत्तर दिलं नव्हतं. चीर थोडी वाढली. एक चोचीचं टोक दिसलं, थांबलं, दमून श्वास घेऊ लागलं. ते थांबलं की बंडोपंतही श्वास धरून थांबत. जेवायला हाक आली, ते उठले नाहीत. नलिनीबाईंनी त्यांना भाकरीचे घास भरवले, आणि चारचौघांत भरवून घेताना ते लाजलेही नाहीत.

ऊन उतरू लागलं तेव्हा सोनचाफाची सगळी मंडळी त्यांच्याभोवती गोळा झाली होती. तरी शिट्टी वाजलेली नव्हती. टरफलाची टोपी हळूहळू बाजूला सरकली, एक ओला, मळकट, डोळे मिटलेला जीव बंडोपंतांच्या तळहातावर सांडला आणि मान टाकून पडला.

"गेलं?" बंडोपंतांचा आवाज फाटला.

"दमलंय," रंभाबाई म्हणाल्या. "जगात यायचं काय सोपं हाय व्हय?"

थोड्या वेळाने पिल्लाने मान उचलली. डोळे उघडले. त्याला समोर दिसला तो बंडोपंतांचा चष्मा, त्यामागचे मोठे झालेले डोळे आणि पांढऱ्या मिशा. ते बराच वेळ बघत राहिलं.

"झालं!" रंभाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आय म्हनून तुमाला बगून ठिवलं त्यानं."

संध्याकाळी कोंबडी आढ्यावरून उतरली आणि काही झालंच नाही अशा थाटात, गोठ्यात परत आणून ठेवलेल्या पाटीत जाऊन बसली. पिल्लू तिच्या पंखाखाली सरकवून दिलं. ते दुसऱ्या बाजूने बाहेर आलं आणि असं काही किंचाळायला लागलं की पडवीतून बंडोपंत अनवाणी धावत आले. त्यांचा आवाज ऐकताच ते गप्प झालं. शेवटी बंडोपंतांच्या मफलरचं घरटं करून त्याला त्यांच्या उशाशी झोपवलं.

सकाळी सगळे चहा घेत बसले होते, तेव्हा खोलीतून बंडोपंत बाहेर आले. त्यांच्यामागून पिवळा लोकरीचा गोळा येत होता. बंडोपंत थांबले, गोळा थांबला. बंडोपंत वळले, गोळा वळला. आपल्या पायाखाली येऊ नये म्हणून ते पावलं अगदी छोटी आणि सावकाश टाकत होते, नवी नवरी उंबरठ्यावरून येते तशी.

"आजोबा," जुईली म्हणाली, "तुम्ही पण बदकासारखंच चालताय."

बंडोपंत न्हाणीघरात गेले तर दाराबाहेर आकांत. आतून ते ओरडत राहिले, "आहे, मी आहे! येतोय!" हे ऐकून स्वयंपाकघरात रंभाबाई पदरात तोंड घालून हसल्या.

पण जेवणानंतर बस निघणार होती, आणि मग कोणालाच हसू येईना.

"आपण घरी नेऊ या ना," जुईली म्हणाली.

"इथलं काही न्यायचं नाही," बंडोपंत म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. शिवाय सोसायटीत प्राणी पाळू नयेत हा ठराव त्यांनीच मांडला होता आणि तो त्यांच्या एकट्याच्याच हट्टापायी मंजूर झाला होता.

"आणि ठेवून गेलो तर?" नलिनीबाईंनी विचारलं.

रंभाबाईंचा चेहरा गंभीर झाला. "एकटं पडलं तर दाना टिपनार न्हाई. रडून रडून जीव जाईल त्याचा. भावंडांत मिसळलं तरच जगंल."

भावंडं पहाटेपासून एकेक करून कोंबडीखालून बाहेर येत होती. पण मिसळायचं कसं? अनिमेषने बंडोपंतांचा कोट घातला आणि पिल्लापुढे चालून पाहिलं. पिल्लाने ढुंकूनही पाहिलं नाही. बंडोपंत झाडामागे लपले, तर पिल्लाने झाडाला फेरी मारून त्यांना शोधून काढलं आणि इतकं रागावलं की बंडोपंतांनी त्याची माफी मागितली. मग ते स्वतःच कोंबडीच्या पिल्लावळीत जाऊन मांडी घालून बसले. आपलं पिल्लू इतरांबरोबर रमेल, अशी त्यांची कल्पना. कोंबडीने त्यांच्या गुडघ्यावर अशी टोच मारली की ते बसल्या बसल्या उडाले. कालची शिट्टी ती विसरली नव्हती.

"आता पान्यालाच इचारू," किशोर म्हणाला. "हितं उथळ हाय, ऊन बी हाय. कोंबडीला आन् समद्या पिलांना काठावं नेऊ, जरा वेळ सोडू. पान्यात बदक बदकाला वळखतंय, आमचे वडील म्हनायचे. पर त्याला पान्यात न्यायचं कोनी?"

सगळ्यांनी बंडोपंतांकडे पाहिलं.

बंडोपंतांना पोहता येत नव्हतं. पाण्याची त्यांना भीती होती. अकोल्यात भीती बाळगण्याइतकं पाणीही मिळत नसे. त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि धरणाच्या पाण्यात पहिलं पाऊल टाकलं. मागे पिल्लू काठावर थांबलं. त्याने आयुष्यात पाणी पाहिलेलं नव्हतं.

"ये," बंडोपंत म्हणाले. "काही होत नाही. मी आहे ना."

ते आणखी आत गेले. चिखलात पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत बुडाले. काठावरून नलिनीबाई "अहो!" म्हणून किंचाळल्या. त्याच क्षणी पिल्लाने पाण्यात उडी घेतली.

आणि ते तरंगलं. कोणी शिकवलं नव्हतं, दाखवलं नव्हतं. इवलेसे पाय पाण्याखाली चालू लागले आणि काल टरफलात दमून पडलेला तो जीव डोंगरांच्या पडछायेवरून सरळ रेघ काढत बंडोपंतांकडे आला. ते बघून काठावरची बाकीची पिल्लंही टपाटप पाण्यात पडली. कोंबडी काठावर पंख आपटत आकांत करू लागली. तिची मुलं अशी वागतील हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पिल्लं बंडोपंतांभोवती गोल गोल पोहत होती. बंडोपंत दोन्ही हात वर धरून, शर्टाला पाणी लागलेलं विसरून, तसेच उभे होते. काठावर कोणाच्याही हातात मोबाईल नव्हता.

"नलिनी," त्यांनी हाक मारली, "अगं, यांना सगळं येतंय!"

"दिसतंय मला," नलिनीबाई म्हणाल्या. त्या डोळे पुसत होत्या.

"बास आता, गारठतील," रंभाबाईंनी काठावरून कण्यांची मूठ टाकली. पिल्लं वळली आणि सगळी एकाच घोळक्यात, ढकलाढकली करत काठाला लागली. कोंबडीने पंख पसरले. पिवळे गोळे एकामागून एक आत शिरले. बंडोपंत पाण्यातून बघत होते. त्यांचं त्यात कोणतं, ते त्यांनाही ओळखता येईना. एक पिल्लू पंखाशी जरा रेंगाळल्यासारखं वाटलं, पण तेही भावंडाला ढोसून आत गेलं.

कोणीच ओरडलं नाही.

"झालं की काम!" किशोर आनंदाने म्हणाला. "सुटलात तुमी."

"हो," बंडोपंत म्हणाले. "छान झालं." आणि बराच वेळ पाण्यातून बाहेर आले नाहीत.

जेवण झालं. कचऱ्याच्या पिशव्या बसमध्ये ठेवल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मंडळी भराभर चढली. सर्वांत मागून, किशोरचं कोरडं धोतर गुंडाळलेले बंडोपंत खाचराच्या बांधावरून येत होते, अगदी छोटी छोटी, जपून पावलं टाकत. मधेच थांबत. पुन्हा निघत.

नलिनीबाई बसच्या दारात थांबल्या होत्या. "अहो," त्या हलकेच म्हणाल्या, "मागे कोणी नाहीये. भरभर चला आता."

"माहितेय मला," बंडोपंत म्हणाले, आणि तसेच सावकाश चालत राहिले.