लग्नाळू वसुली

दिवाकरच्या कंपनीनं रायपूरच्या पंडरी बाजारातल्या गाळ्यातच प्राण सोडला. लग्नाचे तयार फेटे भाड्यानं द्यायची कंपनी. फेटे डोक्यावर बसायचे, पण वरात गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत खांद्यावर उतरायचे. एका नवरदेवाचा तर घोडीनंच चावून खाल्ला आणि भरपाई मागितली घोडीवाल्यानं. शटर पडलं तेव्हा मागे उरली कंपनीच्या क्रेडिट कार्डाची साडेचार लाखांची थकबाकी.

दिवाकर निर्धास्त होता. "कार्ड कंपनीचं, कंपनी मेली. मेलेल्याचं बिल कोनी देते का?" हे तो तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगे.

मग बँकेकडून वसुलीला निरंजन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज लोण्यासारखा. त्यानं अर्जाची प्रत दाखवली. कंपनीच्या सहीखाली दिवाकरची आणखी एक सही होती, कंपनीनं नाही दिलं तर मी स्वतः देईन अशी. बिनआमंत्रणाच्या पाहुण्याकडे पाहावं तसं दिवाकरनं त्या सहीकडे पाहिलं. घरात जमा म्हणावी अशी एकच गोष्ट होती, मुलीच्या, सोनियाच्या लग्नाची एफडी. तिला हात लावायचा नाही असं मनाशी ठरवून त्यानं निरंजनला उद्या यायला सांगितलं.

एवढ्यात दिवाकरची बायको पद्मिनी बाहेर आली. रायपुरात दारावर कोणी वऱ्हाडी बोललं की तिचे हात आपोआप परातीकडे जात. चौकशीत गाव परतवाडा निघालं, पगार वेळेवर निघाला, तोंडात सुपारीचं खांडही निघालं नाही. त्या दुपारी निरंजन झुणका-भाकर खाऊन गेला. पुढच्या फेरीला पाटवडी रस्सा झाला, त्यापुढच्या फेरीला पुरणपोळी. वसुली शून्य, पण माणसाचं वजन वाढत होतं.

"मम्मी, वो रिकव्हरीवाला है," सोनिया म्हणाली.

"मंग? नोकरी तं आहे ना. तुह्या बापाजवळ कंपनी होती."

तिसऱ्या पोळीवर पद्मिनीनं नात्याचा विषय काढला. निरंजननं मान खाली घातली. "काकू, ज्या घरी थकबाकी असते तिथं आमाले घरोबा करता येत नाही. खातं बंद होऊ द्या आधी."

दिवाकरनं परोपरीनं सांगितलं की एफडी मोडली तर लग्न कशानं करायचं. पद्मिनी म्हणाली, "पोरगा हातचा गेला तं एफडीले उभी करता का बोहल्यावर?" शेवटी लग्न जमावं म्हणून लग्नाची एफडी मोडली. कार्डाचं खातं बंद झालं, आणि पद्मिनीनं निरंजनला घरच्यांसकट जेवायला बोलावलं.

रविवारी तो पेढे घेऊन आला. सोबत बायको अपर्णा, तिच्या कडेवर दीड वर्षाची पोट्टी.

सोनिया हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबून आत पळाली.

"तुमी सांगतलं काहून नाही?" दिवाकरनं विचारलं.

"कोनी इचारलंच नाही, काका," निरंजन नम्रपणे म्हणाला. "धमकी द्याची नाही, असा आमचा नियम आहे. जेवाचं नाही, असा नाही."

पद्मिनीचा चेहरा पडला, पण पडल्या जागी फार वेळ राहिला नाही. तिनं अपर्णाला पाट सरकवला, पोट्टीच्या हातावर पेढा ठेवला आणि मायेनं विचारलं, "काहून वं बाई, तुले दीर आहे का?"

"आहे ना, काकू. यायच्याहून लहान. तो बी वसुलीतच आहे, गाड्यायच्या."

पद्मिनी पुढं सरकून बसली. दिवाकर मात्र उठला. अंगणातल्या मोटारसायकलचे दोन हप्ते थकले होते. ती चालू न करता, आवाज न होऊ देता, त्यानं ढकलत शेजारच्यांच्या गोठ्यात नेली आणि वर कडबा टाकला.