शेळके सरांचं शून्य

शेळके सर कुणाच्याही घरी चहा पिण्याआधी कपावर नखानं टिचकी मारतात आणि कान जवळ नेऊन ऐकतात. आवाज खणखणीत आला तर पितात. बद्द आला तर घरच्या बाईंना शांतपणे सांगतात, "ह्याला आतून तडा गेलाय. महिनाभर टिकंल." त्यामुळे गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत त्यांना चहाला बोलवायची कुणाची छाती होत नाही. माझी होते, कारण मी त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा देते.

तडे हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. चिनी माती, विटा, भट्टीत भाजलेलं काहीही का फुटतं, यावर त्यांनी मटेरियल सायन्समध्ये उभा जन्म घातला. त्यांच्याच कॉलेजात मी ग्रंथपाल. कुणाच्या पेपरचा इतर संशोधकांनी आपल्या पेपरात किती वेळा उल्लेख केला, म्हणजे सायटेशन किती, याची नोंद माझ्याकडे असते. त्यामुळे बाकीचे प्राध्यापक माझ्याशी फार गोड बोलतात. सर एकच विचारतात, "उल्लेख केला खरा, पण वाचलंय का त्यानं?"

आणि ते खरोखर तपासतात. एका परदेशी संशोधकानं त्यांचा मोठ्या आदरानं उल्लेख केला होता. सरांनी त्याला कळवलं, की तुम्ही लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं माझ्या पेपरात आहे, तेव्हा माझं नाव काढा. त्यानं बिचाऱ्यानं काढलं. सर आठवडाभर खुशीत होते.

आपल्या नव्या पेपरात आपलेच जुने पेपर घुसडायचे, हा तर सर्रास चालणारा प्रकार. सर गरज असली तरी तसं करत नसत. दरवर्षीच्या फॉर्ममध्ये 'स्वतःचे उल्लेख' या रकान्यात ते मला ठसठशीत शून्य काढायला लावत आणि मी ते काढेपर्यंत उभे राहून बघत.

मग प्राध्यापकपदाची शेवटची संधी आली आणि त्यांचे सायटेशन थोडक्यात कमी पडले. प्राचार्य मनानं चांगले. त्यांनी बोलावून सुचवलं, की विभागातले आठ जण एकमेकांचे उल्लेख करणार आहेत, तुम्हीही या. मी फाईल घेऊन तिथंच उभी होते. सरांनी सवयीनं टेबलावरच्या कपाला टिचकी मारली.

"आठ जणांनी एकमेकांची पाठ थोपटायची, अन् त्याला संशोधन म्हणायचं व्हय?"

प्राचार्य म्हणाले, पद हातचं जाईल.

"जाऊ द्या. न वाचता दिलेलं मी घेणार नाय, अन् देणार बी नाय."

पद गेलं. मला राग आला तो सरांचाच. इतका ताठा कशाला, असं मी तोंडावर म्हणालेसुद्धा. त्यावर ते म्हणाले, की वाकणारी वस्तू तडकत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

यंदा निवृत्तीच्या महिन्यात त्यांचा शेवटचा फॉर्म आला. मी सवयीनं शून्य काढलं.

"खोडा ते. एक लिहा," सर म्हणाले.

मी पेन ठेवून त्यांचा नवा पेपर उघडला. उल्लेखांच्या यादीत एक जुना पेपर होता, रांजणाला तडा कुठून सुरू होतो यावरचा. पहिलं नाव नसीम शेखचं, दुसरं सरांचं, म्हणजे हा स्वतःचाच उल्लेख. नसीम त्यांची सिल्लोडची विद्यार्थिनी. दोन वर्षं भट्टीपुढं बसून तिनं ते काम केलं, मग लग्न झालं आणि संशोधन सुटलं. आता ती फर्दापूरला शाळेत शिकवते. तिचा हा एकुलता एक पेपर, आणि आजवर कुणीही त्याचा उल्लेख केलेला नव्हता.

"नियम मोडायचाच होता तर पदासाठी मोडायचा होता, सर." माझा आवाज चढला होता.

सरांनी यादीतल्या नसीमच्या नावावर बोट ठेवलं.

"तिच्या लेकीनं इंटरनेटवर आईचं नाव टाकून बघितलं. तिथं शून्य दिसलं. नसीम मला फोनवर हसत हसत सांगत होती. पण आवाज बद्द येत होता, मॅडम."

मला माझ्या चढलेल्या आवाजाची लाज वाटली.

"कुणी इचारलं तर सांगा, वाचून दिलाय," सर म्हणाले. "लई वेळा वाचलाय."

मी शून्य खोडलं आणि त्याच्या शेजारी ठसठशीत एक काढला. सर उभे राहून बघत होते.