एका छपराखाली दोन बूट

निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. हिशेब तपासनीस बाईंनी टेबलाचा खालचा खण रिकामा करायला घेतला होता, तेवढ्यात बुटांची फाइल आली. शिपायाने ती तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. तशा फायली आता कुठे पाहायला मिळतात? वीतभर जाड, कोपरे कुरतडलेले, लाल नाडीला तीन गाठी आणि वर टाइपरायटरने ठोकलेलं ‘अतिगोपनीय’.

“हे काय, दादा?” बाईंनी विचारलं.

“बूट,” शिपाई म्हणाला. “साहेबांचा निरोप आहे, शेवटच्या पानावर सही तेवढी करा. बाकीचं वाचलंत तरी कुणाचं काही जात नाही.”

बाईंनी अर्थातच बाकीचं वाचलं. ते कार्यालय सैन्यासाठी नवनव्या वस्तू शोधून काढण्याची कंत्राटं देई, आणि दिलेला पैसा कुठे मुरतो हे पाहणं बाईंचं काम. खडीवरून चाललं तरी पावलाचा आवाज होऊ नये, असे बूट करायचे होते. दोन वर्षांचं काम, आता सातवं चालू होतं. खर्च मूळ अंदाजाच्या पाचपट झाला होता. दर वर्षी एक प्रमाणपत्र जोडलेलं: ‘बुटांची जोडी प्रत्यक्ष पाहिली. काम समाधानकारक.’ सहा वर्षं, सहा प्रमाणपत्रं, खाली बाईंच्या आधी ही फाइल पाहणाऱ्या तपासनिसांची सही. त्या गृहस्थांचं अक्षर मोत्यासारखं होतं, नजर मात्र पहिल्यापासून अधू.

बाईंनी एकतीस वर्षांत न पाहिलेल्या वस्तूवर सही केली नव्हती. एकदा चारशे तंबू आले, तेव्हा त्यांनी मैदानात चारशेही उभे करायला लावले होते आणि प्रत्येकात डोकं घालून पाहिलं होतं.

पण या वेळी घरी गाठोडी बांधून तयार होती. लेकीचे दिवस भरत आले होते, पहिलंच बाळंतपण, आणि एक तारखेच्या गाडीची तिकिटं काढलेली. टेबलावर एक जरी फाइल उरली तरी कार्यमुक्तीचा कागद मिळत नसे.

“अगं, बूटच ना ते?” संध्याकाळी यजमान म्हणाले. “कर सही आणि सुटी हो.”

“न पाहता?”

“लेकीला काय कळवू मग? आई बूट बघतेय म्हणून?”

“तसंच कळवा. तिला आईची सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी बाई भांडारात गेल्या. भांडारपालाने कुलपं काढून एक बूट दाखवला.

“आणि दुसरा?”

“दुसरा चाचणी विभागाच्या भांडारात, गावाच्या त्या टोकाला. नियमच आहे, बाई. गोपनीय नमुन्याचे दोन भाग एका छपराखाली ठेवायचे नाहीत. शत्रूच्या हाती एकदम जोडी लागायला नको.”

“म्हणजे जोडी आजवर कुणीच पाहिली नाही?”

“एकत्र नाही,” भांडारपाल म्हणाला. “पण एवढं सांगतो, हा फार छान आहे.”

चाचणीचा अहवाल फायलीतच होता. जवानाला एका पायात बूट घालून, दुसरा पाय वर धरून, खडीवरून लंगडी घालायला लावली होती. निष्कर्ष असा: ‘बुटाचा आवाज आला नाही. जवानाला लागलेल्या धापेचा आवाज आला, परंतु तो कराराबाहेर आहे.’

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब मनाचे वाईट नव्हते. फक्त वरून काही विचारणा आली की त्यांच्या तोंडचं पाणी पळत असे.

“सकाळी हा पाहा, दुपारी तो पाहा,” ते समजुतीने म्हणाले, “आणि जोडी मनात लावा.”

“मनातल्या जोडीवर सहीसुद्धा मनातच होते, साहेब.”

“नियम आड येतो ना, बाई. एका छपराखाली आणता येत नाहीत.”

“नियमात छप्पर म्हटलंय. मागच्या अंगणाला छप्पर नाही.”

साहेबांनी नियमाचं पुस्तक काढून चार वेळा वाचलं. छप्परच म्हटलं होतं.

पुढचे चार दिवस परवान्यांत गेले. प्रत्येक बुटाला वेगळी जीप, दोन पहारेकरी आणि एक जबाबदार अधिकारी. शिवाय दोन कंपन्यांचे दोन प्रतिनिधी, कारण तिसऱ्या वर्षी खर्चावर देखरेख करणाऱ्या समितीने स्पर्धा असली की खर्च उतरतो असा शोध लावला होता, आणि दुसरा बूट पहिल्या कंपनीकडून काढून दुसरीला दिला होता. त्यानंतर दोन कारखाने, दोन व्यवस्थापक आणि दोन कंपन्यांच्या मोटारी झाल्या, आणि खर्च दुप्पट वेगाने चढू लागला.

ठरल्या दिवशी अकरा वाजता अंगणातल्या झाडाखाली उपाहारगृहाचं टेबल मांडलं. एका पहारेकऱ्याला शंका आली की झाडाची सावली छप्पर धरायची की कसं. वाद नको म्हणून शिपायाने टेबल उन्हात ओढलं. दोन्ही पिशव्यांवरची लाख फोडली गेली आणि सात वर्षांत पहिल्यांदा दोन बूट शेजारी शेजारी उभे राहिले.

सगळे टेबलाभोवती वाकले.

“साहेब,” शेवटी शिपाई म्हणाला, “हे दोघं एकाच बाजूला बघताहेत.”

दोन्ही बूट डाव्या पायाचे होते.

“आमच्या करारात ‘एक बूट, नकाशाप्रमाणे’ असं आहे,” पहिल्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला.

“आमच्याही,” दुसरा म्हणाला.

नकाशा एकच होता, डाव्या पायाचा. गोपनीयतेपायी दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी होती, आणि उजवा बूट तो दुसरा करतोय याबद्दल दोघेही इतकी वर्षं निश्चिंत होते.

“जोडी म्हणजे दोन,” साहेब घाम पुसत म्हणाले. “हे दोन आहेत. घालून चालता आलं म्हणजे झालं.” आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी खुर्चीत बसून दोन्ही बूट पायांत चढवले.

खरं सांगायचं तर बूट उत्तम होते. साहेब खडीवरून चालले आणि पाचोळा वाजावा इतकासुद्धा आवाज झाला नाही. फक्त निघाले ते बाईंच्या दिशेने आणि पोचले पाण्याच्या टाकीपाशी. तेवढ्यात आत टेलिफोन वाजला आणि कारकुनाने खिडकीतून सांगितलं, वरच्या कार्यालयाचा आहे. साहेब पायरीकडे धावले. पहारेकरी आडवा झाला.

“माफ करा साहेब. आत छप्पर आहे.”

“अरे, माझंच कार्यालय आहे ते.”

“तुम्ही जा ना, साहेब. दोन्ही बूट नाही जाऊ शकत.”

बूट निघेनात. उन्हाने रबर आवळलं होतं. साहेब खुर्चीत बसले, शिपायाने पाठीमागून खुर्ची धरली आणि प्रतिनिधींनी एकेक पाय धरून ओढायला सुरुवात केली. प्रत्येक जण आपल्याच कंपनीच्या बुटाला हात लावत होता. पहिल्याचा बूट आधी निघाला, तरी दुसऱ्याला मदत करायची त्याला करारात मुभा नव्हती. तो हाताची घडी घालून पाहत उभा राहिला. टेलिफोन तोवर तीनदा वाजून थकला.

बाईंनी त्याच टेबलावर प्रमाणपत्र लिहिलं: ‘दोन्ही बूट एकाच वेळी प्रत्यक्ष पाहिले. चालताना आवाज होत नाही. दोन्ही बूट डाव्या पायाचे आहेत.’ खाली सही केली.

“हे वर गेलं तर काम बंद पडेल, बाई,” साहेब अनवाणी पायांनी म्हणाले.

“पडू दे,” बाई म्हणाल्या आणि कागद पाकिटात घातला.

चार दिवसांनी उत्तर आलं. तेव्हा बाईंची गाडी परवावर आली होती. साहेबांनी त्यांना बोलावून स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे केली.

“वर आनंदीआनंद आहे,” साहेब म्हणाले. “सहा वर्षं तेच तेच प्रमाणपत्र जायचं, त्यांना बूट आहेत की नाहीत याचीच शंका होती. तुमच्यामुळे खात्री पटली. डाव्या पायाचं काम यशस्वी धरलंय. उजव्या पायासाठी नवा प्रकल्प मंजूर. पाच वर्षं, सगळा खर्च नव्याने.”

“आणि?”

“आणि देखरेखीला असा अधिकारी हवा, ज्याने दोन्ही बूट एकत्र तपासलेत. असा एकच आहे. तुम्हाला दोन वर्षांची मुदतवाढ. सक्तीची.”

बाईंनी खुर्ची मागे सारली. मग म्हणाल्या, “नकाशा आहे का इथे?”

साहेबांनी तिजोरीतून काढून दिला. बाईंनी तो उलटा करून खिडकीच्या काचेला लावला, त्यावर कोरा कागद धरला आणि मागून येणाऱ्या उजेडात पेन्सिलीने रेघ न् रेघ गिरवली. काम संपल्यावर कागद साहेबांपुढे ठेवला.

“हा उजवा.”

साहेबांनी एका कागदाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्यांचा आवाज खाली आला. “बाई, हे पाच वर्षांचं काम आहे.”

“पाच मिनिटं लागली. पेन्सिल माझीच होती.”

“पण तुम्ही गोपनीय नकाशाची नक्कल केलीत.”

“तुमच्यासमोर.”

“त्याला नियम आहे.”

“सतरावा,” बाई म्हणाल्या. “नक्कल कार्यालयाबाहेर गेली नसेल तर शिक्षा नाही. नक्कल करणाऱ्याला मात्र त्याच दिवशी त्या प्रकल्पापासून कायमचं दूर करावं. तुम्ही रुजू झालात तेव्हा मीच तुम्हाला वाचून दाखवला होता.”

साहेबांनी पुस्तक उघडून सतरावा नियम पाहिला. बाई गेल्या तर उजव्या पायाची पाच वर्षं सुखाने सरतील, हेही बहुधा त्यांच्या डोक्यात आलं असावं. त्यांनी त्याच नियमाखाली मुदतवाढीचा आदेश रद्द केला, कार्यमुक्तीच्या कागदावर झटकन सही केली आणि शिक्का शिपायाची वाट न पाहता स्वतः मारला.

“आणि ही नक्कल?” त्यांनी विचारलं.

“ती अशी तशी ठेवू नका. फायलीला लावा. असा कागद आहे आणि तो फुकट झालाय, एवढं मी जाता जाता वर कळवते. टपाल दोनला निघतं.”

दुपारी तीन वाजता बाई घरी पोचल्या. यजमान पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“इतक्या लवकर? सोडलं की काढलं?”

“मधलंच काहीतरी. गुन्हा केला मी.”

यजमानांनी चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“वेळेवर केलास,” ते म्हणाले, आणि उद्याच्या गाडीत जागा मिळते का ते बघायला चपला घालून निघाले.