बेअरिंगला तेलाचा डोस

शनिवारी सकाळी सव्वाअकराला काकांच्या गॅरेजच्या शटरखालून तेल बाहेर पडलं आणि सावकाश रस्त्याकडे निघालं. आत काका आणि मी इंजिनातल्या तेलाचं प्रेशर दाखवणाऱ्या घड्याळाकडे टक लावून बसलो होतो. सुई शून्यावर होती.

"सुई हलत नाही, म्हणजे पेशंटला डोस कमी पडतोय," काका म्हणाले आणि त्यांनी इंजिनात आणखी तेल ओतलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. काका तेव्हा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि वर्षातून एकदा टेकडीवरच्या शर्यतीत गाडी पळवायचे. दर वर्षी तीच टेकडी, तीच गाडी आणि तेच दुखणं! इंजिन जोरात फिरू लागलं की क्रँकच्या बेअरिंगला तेल पुरायचं नाही, बेअरिंग जळायचं आणि काका दोरीने ओढल्या जाणाऱ्या गाडीत ऐटीत स्टिअरिंग धरून घरी यायचे. शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "या खेपेला बेअरिंग गेलं तर गाडी भंगारात! मी स्वतः ढकलत नेईन!"

शर्यत आठवड्यावर आली होती. काका निवांत होते.

"यंदा बेअरिंगला तेलाचा पूर येणार बघ, पत्रकार!"

मी नुकताच एका दैनिकात चिकटलो होतो, म्हणून ही पदवी. काकांनी मोठा तेलपंप बसवला होता आणि इंजिनाच्या ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा रुंद केल्या होत्या. त्यासाठी वाटांच्या तोंडाची पितळी बुचं काढावी लागली. मग ब्रश, मग पिचकारी, मग पुन्हा ब्रश. आमच्या घराण्यात कुणाचे कानसुद्धा इतके स्वच्छ झाले नसतील!

इंजिन सुरू करण्याआधी बेअरिंगपर्यंत तेल पोचवून ठेवायचं, नाहीतर ती कोरडी घासतात. म्हणून मी ड्रिल मशीन लावून नुसता पंप फिरवत होतो. इंजिन स्टँडवर, त्याची पाठ शटरकडे. आम्ही दोघं समोर.

"जोरात फिरव!" काका ओरडले. एरवी औषधाच्या मापाने तेल ओतणारा माणूस, आता अख्खा डबा उपडा करत होता.

वरच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. "अहो, तेल!"

"आहे, भरपूर आहे!"

"भरपूर आहे ते दिसतंय मला! म्हणून तर..."

पुढचं ड्रिलच्या आवाजात बुडालं.

त्याच वेळी शेजारचे ड्रॉइंगचे मास्तर सायकलवरून घरी येत होते. त्यांनी ब्रेक दाबला. ब्रेकने आपलं काम चोख केलं, रस्त्याने केलं नाही. सायकल एकीकडे गेली आणि मास्तर बसल्या बसल्या आमच्या शटरवर येऊन आदळले.

धाड!

काका पांढरेफटक पडले. "गेलं! अरे, सुरू न करताच बेअरिंग गेलं!"

"गेलं?" वरून काकू. "भंगारवाल्याला बोलावते!"

"कंपाउंडर," शटरपलीकडून आवाज आला, "बेअरिंगचं राहू द्या. आधी मला उठवा!"

आम्ही शटर वर केलं. मास्तर तेलात मांडी घालून बसले होते. उठायचा प्रयत्न त्यांनी दोनदा केला आणि सोडून दिला. मग बसल्या जागेवरून त्यांनी इंजिनाकडे पाहिलं.

"मागून धार लागलीय हो! आणि माझ्या चपलेला हा कापूस कसला चिकटलाय?"

काकांनी डोळे मिटून घेतले. साफ केलेल्या वाटांमध्ये धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक तोंडात कापसाचा बोळा कोंबला होता, दवाखान्यात गोळ्यांच्या बाटलीत कोंबतात तसा. पुढचे बोळे काढून त्यांनी बुचं बसवली. मागचा बोळा तसाच राहिला. पंपाचा पहिला जोर बसताच तो बाहेर उडाला होता.

"मग मागचं बूच कुठंय?" मी विचारलं.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात!" काकू जिन्यावरून म्हणाल्या. "सकाळी उकळायला ठेवून गेले होते. निर्जंतुक करायला!"

बूच बसलं. मी ड्रिल फिरवलं आणि सुई अशी टुणकन वर उडाली, की काकांचा लेंगा घालून उभे असलेले मास्तरही टाळ्या वाजवू लागले. काकू तोंडाला पदर लावून घाईने वर गेल्या. त्या हसत होत्या, हे आम्हा तिघांनाही कळलं. त्या गॅरेजचा तो तेलकट, उबदार वास मला अजून कधीकधी भर ऑफिसात येतो.

शर्यतीत काका शेवटून दुसरे आले. शेवटचा वाटेत बंद पडला होता. पण गाडी आपल्या चाकांनी घरी आली!

"बेअरिंग शाबूत आहे ना?" काकूंनी दारातच विचारलं.

इंजिन उघडल्याशिवाय ते कळत नाही. काका म्हणाले, "चालत्या-बोलत्या पेशंटला कुणी फाडतं का?"

इंजिन आजवर उघडलेलं नाही. काका अजूनही दर रविवारी ते सुरू करतात, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून ऐकतात आणि मला फोन करतात. गेल्या रविवारीही केला.

"ठणठणीत! बेअरिंगचा एवढासाही आवाज नाही!"

मग काकूंनी फोन घेतला आणि हळूच सांगितलं, की डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र काका गॅरेजमध्ये जाताना काढून ठेवतात. तेलकट होतं म्हणे.