धम्मरत्नचा बिनबटणांचा डबा

धम्मरत्नने प्रीअँपचा डबा चौथ्यांदा उघडला, तेव्हा त्याच्या बायकोने, अपेक्षाने पोळपाट जरा जोरातच खाली ठेवला. डबा सोनपापडीचा, पत्र्याचा. गिटारचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी त्यात वाढायचा, जाड-बारीक व्हायचा. आतलं सर्किट धम्मरत्नने स्वतः जोडलेलं. मोताळ्यात पंखे-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस असली वस्तू विकत आणेल, तर त्याची इज्जत काय राहील?

"अहो, उद्या देऊळघाटले कार्यक्रम हाये न्. हाये तसं चालू द्या की," अपेक्षा म्हणाली.

"चालू कुठी हाये? कचरूभाऊ काय बोलले, तू आइकलं नाई का?"

आख्ख्या मोताळ्याने ऐकलं होतं. कचरूभाऊ म्हणजे भीमगीतांच्या गायन पार्टीचे मालक आणि मुख्य गायक. भर बाजारात ते म्हणाले होते, "धम्मा, तू गिटार वाजवतं का पत्रा खरवडतं बे? देऊळघाटले असाच आवाज आला, तं तुह्या जागी संघर्षले घेतो. त्याच्या कीबोर्डात गिटारचा आवाज हाये."

बारा वर्षं इमानेइतबारे वाजवणाऱ्या माणसाची जागा एक बटण घेणार! हे धम्मरत्नच्या जिव्हारी लागलं. काहीही होवो, देऊळघाटला आवाज लोण्यासारखा काढायचाच, असं त्याने ठरवून टाकलं.

खरा दोष त्याच्या मते अविनाशचा होता. बुलढाण्याचा अविनाश हा पार्टीचा साउंडवाला. गिटारची वायर त्याच्या मशीनला लागली रे लागली, की हा पठ्ठ्या ट्रेबल, म्हणजे आवाजाची बारीक धार, पूर्ण वर आणि आवाज पूर्ण खाली करणार. समजावून झालं, भांडून झालं. "साउंडवाला मी हाये का तुमी?" एवढंच त्याचं उत्तर.

तेव्हा धम्मरत्नने सरळ हिशेब केला. तो ट्रेबल वाढवतो ना, मग आपण डब्यातच कापून ठेवू. तो आवाज दाबतो ना, मग आपण गेन, म्हणजे आवाजाची ताकद, तिप्पट करू. लागला कामाला.

गेन तिप्पट झाला आणि घरातलं सगळंच स्पीकरमधून ऐकू यायला लागलं.

"पंखा बंद कर!"

अपेक्षाने पंखा बंद केला. तरी घूंऽऽ चालूच.

"फ्रिज बंद कर!"

"अन् दूध नासलं तं?"

"नासू दे! इथी माही इज्जत नासून राह्यली!"

दूध नासलं. घूं काही गेली नाही. शेवटी त्याने अपेक्षाची पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉईल डब्याला आतून चिकटवली, अर्थिंग दिलं, तेव्हा कुठे शांतता झाली. तरी एक धास्ती होतीच. कार्यक्रमात कचरूभाऊंना दिसेल ते बटण पिळायची खोड. म्हणून त्याने डब्याची बटणंच काढली, सेटिंग कायमचं पक्कं केलं आणि झाकण चारही बाजूंनी कथलाचा डाग देऊन बंद केलं.

"आता पिळा म्हना!" तो म्हणाला. अपेक्षा नासलेल्या दुधाचा कलाकंद करत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

देऊळघाटला भाषणं लांबली. आवाज तपासायला वेळच मिळाला नाही, पार्टी थेट स्टेजवर. शंभर फुटांवर, गर्दीच्या मागे मशीनपाशी बसलेल्या अविनाशने लांबूनच हात हलवला. आज तो चक्क हसत होता.

धम्मरत्नने पहिली तार छेडली आणि काय सांगावं! म्हैस विहिरीत पडून हंबरावी तसा आवाज निघाला. मांडवाचे बांबू थरथरले. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी छातीवर हात ठेवला. ट्रेबल वर कर, हे सांगायला धम्मरत्नने अविनाशकडे बोट वर केलं. आता स्टेजवरून बोट वर करणाऱ्या प्रत्येकाला आवाजच वाढवून हवा असतो, हे कोणत्या साउंडवाल्याला माहीत नाही? अविनाशने आणखी वाढवला.

गाणं संपताच धम्मरत्न धावत मागे मशीनपाशी गेला. "काय केलं बे तू?"

"तुमीच बोंबलत होते न्? ट्रेबल लय, आवाज कमी! म्हनून आज तुमच्यासाठी ट्रेबल झिरो, आवाज फुल. अन् कोनी हात लावू नये म्हनून वरून टेपबी मारली!" अविनाशला स्वतःचं भारी कौतुक वाटत होतं.

"काढ ती टेप, बाप्पा! पाया पडतो तुह्या!"

"खबरदार!" मागून आवाज आला. कचरूभाऊ! मुंडासं सुटलेलं, डोळे लाल. धम्मरत्नने मान खाली घातली. संपलं सगळं.

कचरूभाऊंनी त्याला कडकडून मिठीच मारली.

"काय आवाज हाये बे! पोटात घुमते पोटात! पार्टीत असा जाड आवाजाचा बेस पाह्यजे म्हनून मी कित्येक वर्सं झुरून राह्यलो, अन् तू डब्यात घेऊन बसला होता? तुही जागा पक्की. मी हाये तोवर तुले कोनी हालवत नाई."

धम्मरत्नच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्याला एकदम सुचलं. "पन भाऊ, मंग गिटार?"

"त्याची फिकर तू नोको करू," कचरूभाऊ त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "ते वाजवाले संघर्षले आत्ताच फोन केला."

धम्मरत्न स्टेजवर परतला. गिटार गळ्यात अडकवली, बारीक तारांवरून एकदा हळूच हात फिरवला आणि सगळ्यांत जाड तार धरली.